खंडेनवमीचं तेल

३ सप्टेंबर २०२५, बुधवार. बावडा.

करर्र... खट्. करर्र... खट्.

पहाटे या आवाजाने जाग आली. उठून बसलो तर खोलीत काहीच नव्हतं, पंखासुद्धा बंद. मग लक्षात आलं, आवाज पासष्ट वर्षांपूर्वीचा आहे. वडील वालचंदनगरला उसाच्या छोट्या रेल्वेवर ब्रेकचं चाक फिरवायचे. चाक फिरलं की करर्र, खिट्टी पडली की खट्. आमची शाळा रुळाजवळच होती. आत गुरुजी कविता चालीवर म्हणवून घेत आणि बाहेर वडील ब्रेक लावत. दोन्हींचा ठेका जुळला की मला वाटायचं, गाडी आमच्या कवितेमुळेच थांबते आहे.

उठलो, तोंड धुतलं आणि शेडमध्ये जाऊन ताडपत्री काढली.

ताडपत्रीखाली अजितची गाडी आहे. अजित माझा एकुलता एक मुलगा. चार वर्षं खपून घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने ती स्वतः बांधली. पाइपांचा सांगाडा, वर लाल फायबरची बॉडी, इंजिन आणि चारही ड्रम ब्रेक भंगारातल्या एका जुन्या व्हॅनचे. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला पोट टेकलेली. गाव तिला बेडूक म्हणायचं. अजितला राग यायचा नाही, तो म्हणायचा, बेडूक उडी किती मारतो ते बघा.

दोन वर्षांपूर्वी, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी मोरगावला निघाला. निमगावच्या पुढच्या वळणावर ब्रेकचं पेडल तळाला गेलं. गाडी बाभळीवर. अजितला खरचटलं. सोनलच्या उजव्या पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. ती चालते, काठी घेऊन. पण गुडघ्याखाली त्या पायाला काही कळत नाही. चप्पल निसटली तरी कळत नाही.

अजित दवाखान्यात एवढंच म्हणाला, "ब्रेक मी बसवले होते." आता तो चाकणला एका गोदामात कॉम्प्युटरपुढे बसतो. पाना हातात धरत नाही. सोनल मोरगावला असते. भांडण झालेलं नाही. तो तिच्यासमोर उभा राहू शकत नाही, एवढंच.

तर मी ठरवलं आहे. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे. काम झालं की अजितला म्हणायचं, ये, बघून जा. तो येईल. मग तो मोरगावला जाईल. यात कुठे चूक आहे का ते शोधलं. सापडली नाही.

खरं सांगायचं तर पोराने ड्रम हलके घेतले. मी छत्तीस वर्षं लेथवर काढली आहेत. तेव्हाच बोललो होतो.

माझी बायको सिंधुबाई शेडच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"ते भूत कशाला उघडताय?"

"ब्रेक बदलायचेत."

"आता? दोन वर्सांनी?"

"हो."

"बदला. पन त्या गाडीला माझा पाय लागायचा न्हाय, आत्ताच सांगून ठेवते. आन् परवापासनं पितरांचा पंधरवडा लागतोय. नवं काय सुरू करू नका."

"नवं नाही, दुरुस्ती आहे," म्हणालो. आणि पंधरवडा परवा नाही, सोमवारी लागतोय, हेही म्हणालो. ती गेली.

मला काही वाटत नाही. दोन वर्षांत काही वाटलेलं नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे पडलेत, थेंब घालत जा. घालतो.


६ सप्टेंबर, शनिवार

बारामतीला जाऊन आलो. सिद्धूचं गॅरेज भिगवण रोडला. सिद्धू आणि अजित डिप्लोमाला एका बाकावर होते.

"आबा! वय काय तुमचं?"

"चौऱ्याहत्तर."

"ह्या वयाची मान्सं पारावर बसून पोरांना नावं ठेवत्यात. तुमी डिस्क ब्रेक बसवताय!" मग हसू आवरून त्याने विचारलं, "अजितला ठाऊक हाय का?"

"नाही. झाल्यावर सांगणार."

त्याने ठोकर लागलेल्या एका नव्या गाडीच्या दोन डिस्क आणि कॅलिपर काढून दिले. तबकडीसारखी डिस्क, तिला दोन्हीकडून पॅडने चिमटीत धरणारा कॅलिपर. म्हणाला, मास्टर सिलिंडर पण नवा घाला, म्हणजे पेडलखाली तेल दाबणारी ती नळी. जुना जपून काढा.

एसटीत मांडीवर पिशवी घेऊन बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, एवढं जड काय हाय? म्हणालो, थांबायचं सामान. तिने जागा बदलली.


१० सप्टेंबर, बुधवार

कॅलिपर सांगाड्यावर नीट बसत नाही. मध्ये दहा मिलिमीटर पत्र्याचे कान, म्हणजे भोकं पाडलेल्या जोडपट्ट्या, करून घालावे लागतील. दिवसभर पुठ्ठ्याचे नमुने कापले. तिसरा बरोबर आला. हात अजून ऐकतात.

काम करताना दोन ओळी सुचल्या:

धावणाऱ्या चाकांवरती कवने झाली फार,
थांबवणाऱ्या हाताला पण कोण घालतो हार?

गुरुजी असते तर म्हणाले असते, सावळाराम, मात्रा मोज. मोजल्या. दुसऱ्या ओळीत जरा ओढून म्हणावं लागतं.

आज पाना पुसताना ती खंडेनवमी आठवली. अपघाताच्या आधीची. कंपनीत आमच्या शॉपला रामहरी फोरमन होते. त्यांचा नियम होता, तहानलेल्या मशिनला हळदकुंकू लावायचं नाही. खंडेनवमीला सकाळी प्रत्येक मशिन पुसायचं, तेलाची पातळी बघायची, कमी असेल तर खुणेपर्यंत भरायचं, आणि मग पूजा. मी निवृत्त झालो तरी घरात तो नियम मोडला नाही. शिलाई मशिनलासुद्धा आधी तेल. त्या वर्षी अजितची गाडी पहिल्यांदाच पूजेला उभी होती. तो हार आणायला गेला होता. मी बॉनेट उघडलं, एकेक डबी तपासली. ब्रेकची डबी बोटभर खाली होती. ती माझ्या डब्यातल्या तेलाने खुणेपर्यंत भरली. निरोपाला कंपनीने शाल, नारळ दिला, आणि पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तेलाचा पाच लिटरचा डबा मी मागून घेतला होता. पाण्यासारखं स्वच्छ तेल. सिंधुबाई शेजारी निरांजन धरून उभी होती.

माझ्या बाजूने मी काही कमी ठेवलं नव्हतं.


१३ सप्टेंबर, शनिवार

काल जुना मास्टर सिलिंडर काढला. आतला दट्ट्या काही केल्या बाहेर येईना. तसाच पिशवीत घातला. नव्या ब्रेकला तेल पुरेल का विचारावं म्हणून माझा डबाही घेतला आणि बारामती गाठली.

सिद्धूने सिलिंडर शिकंज्यात धरून दट्ट्या ओढून काढला. त्याच्यावरचे रबरी कप भिजवलेल्या हरभऱ्यासारखे टम्म झाले होते. त्याने एक कप चिमटीत दाबला, बोटांचा वास घेतला.

"आबा, ह्यात कुनी काय टाकलं?"

"तेल. मीच टाकलं. हे बघ, हेच. कंपनीचं, एक नंबर. दोनशे टनांचा प्रेस ह्याच्यावर चालायचा."

तो बोळ्याने हात पुसत राहिला. एकेक बोट.

"कधी टाकलं?"

"खंडेनवमीला."

"कुठल्या?"

"त्या वर्षीच्या."

"च्या घ्या आबा," म्हणाला. चहा आला. पेला माझ्या हातात देऊन तो शेजारी टायरवर बसला. "ब्रेकचं ऑईल येगळं असतंय. दिसायला तेल, पन तेल नसतंय ते. प्रेसचं तेल ह्या रबराला लागलं की रबर फुगतं. फुगलं की अडकतं, मागं सरकत न्हाय, मग पेडल..."

"किती दिवसांत?"

"न्हाय माहीत."

"माहीत आहे तुला."

"आबा, मी कुनाला सांगायचो न्हाय."

मी त्याला ते विचारलं नव्हतं.

येताना दोन कोरे रबरी कप आणि ब्रेक ऑईलची लहान बाटली मागून घेतली. एसटीला गर्दी होती. निमगावला एका माणसाने जागा दिली. बसलो.


१४ सप्टेंबर, रविवार

दोन वाट्या. एकीत ब्रेक ऑईल, दुसरीत माझं तेल. दोन्हींत एकेक कप बुडवला. बुडवण्याआधी व्हर्निअरने मोजले: दोन्ही १९.१ मिलिमीटर. सकाळी सात वाजता. वाट्या शेडच्या फळीवर.

मांजर येऊ नये म्हणून वर चाळण झाकली.


१५ सप्टेंबर, सोमवार

पहिली वाटी १९.१. दुसरी २०.३.

चष्मा पुसून पुन्हा मोजलं. २०.३.


१६ सप्टेंबर, मंगळवार

१९.१. २१.५.

पत्र्याचे कान दोन्ही बाजूंना बसले. भोकं अगदी जुळली.


१७ सप्टेंबर, बुधवार

१९.१. २२.३.

विचार आला तो लिहून ठेवतो. गाडीला नवे ब्रेक लागले, अजित आला, बघून खूश झाला, तर सांगायची गरज काय? सिद्धू बोलणार नाही. जुना सिलिंडर भंगारात जाईल. वाट्या घासून टाकल्या की झालं. अजितला ब्रेक बदललेले दिसतील. ब्रेक हलके होते, आता भारी आहेत. त्याला तसंच वाटत राहील.

त्याला तसंच वाटत राहील, हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं.


२० सप्टेंबर, शनिवार

१९.१. २३.०.

सहा दिवस झाले. त्या वेळीही सहाच होते. खंडेनवमी सोमवारी होती आणि ते रविवारी निघाले.

दहा तारखेच्या त्या दोन ओळी खोडणार होतो. शाई वाळली आहे, राहू दे.

दुपारी सिंधुबाईने शेडच्या दारातूनच फळीवर बघितलं. "ही माझी फोडणीची वाटी हाय. दोन दिस शोधतीया मी."

मी चाळण उचलली. दोन्ही कप तळहातावर घेतले आणि दाराशी जाऊन तिला दाखवले. कुठला कशात होता ते सांगितलं. खंडेनवमीचं सांगितलं. निरांजन तिच्या हातात होतं, हे सांगायची गरज नव्हती.

तिने फुगलेला कप उचलून उजेडात धरला.

"म्हंजे पोरानं न्हवतं केलं तर," ती म्हणाली.

"नाही."

"दोन वर्सं पोर..." तिने पदर तोंडाला लावला, पण रडली नाही. मग म्हणाली, "मी दिवा धरला हुता की वो. मलाबी कळाय पायजे हुतं."

"तुला कसं कळणार?"

"तुमाला तरी कसं कळनार हुतं? मशिनला तेल घालतानाच बघत आले मी तुमाला." ती वळली, दोन पावलं गेली आणि परत आली. "पत्र लिवा त्याला. फोनवर सांगू नका. फोनवर तुमी मधीच कविता म्हनाय लागता."

वाटी तिने नेली नाही.


२१ सप्टेंबर, रविवार

पत्र लिहिलं. दोन पानं झाली. वडिलांचं ब्रेकचं चाक, गुरुजी, रुळाजवळची शाळा, अजित तीन वर्षांचा असताना माझ्या खांद्यावर बसून कंपनीचा भोंगा ऐकायचा ते. अक्षर चांगलं आलं. सिंधुबाईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्यात तेल कुठं हाय?"

चाळून बघितलं. तेल कुठेच नव्हतं. दोन पानांत 'नियतीचे चक्र' मात्र दोनदा आलं होतं.

दुसरं लिहिलं. त्याची नक्कल:

'चि. अजित, आशीर्वाद. जुना मास्टर सिलिंडर उघडला. २०२३ च्या खंडेनवमीला तू हार आणायला गेलास तेव्हा मी ब्रेकच्या डबीत प्रेसचं तेल भरलं. त्याने आतले रबरी कप फुगले. सहा दिवस तेलात ठेवून मोजले, १९.१ चे २३.० झाले. सोबत दोन्ही कप पाठवतो, तू स्वतः मोज. तुझे ड्रम उघडून पाहिले, लायनिंग समान झिजलं आहे, बसवण्यात चूक नाही. चूक माझी आहे. हे सोनलला सांगायला मोरगावला मी जाऊ की तू जाशील, ते कळव. पुढे डिस्क बसवल्या आहेत. आता फक्त नळ्यांतली हवा काढायची राहील. त्याला दुसरा पाय लागतो, तो इथे नाही. तुझा, आबा.'

सिंधुबाई म्हणाली, "ह्ये घाला."


२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

इंदापूरला जाऊन रजिस्टरने पाठवलं. पोस्टातल्या मुलीने पाकीट दाबून विचारलं, आत काय आहे? म्हणालो, रबर. तिने परत विचारलं नाही.


२५ सप्टेंबर, गुरुवार

नवा मास्टर सिलिंडर बसला. नळ्या बसल्या. बाटलीतलं ब्रेक ऑईल भरलं, झाकणावरचं लिहिलेलं तीनदा वाचून.

फोन नाही.


२७ सप्टेंबर, शनिवार

हवा काढायचं काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून पेच सैल करायचा. बुडबुडा निघाला की पेच घट्ट, मग पेडल सोडायचं. दाब, धर, सोड. तीन शब्दांचा ठेका आहे, वर्गात म्हणवून घेण्यासारखा. पण दोन माणसं पाहिजेत.

"गल्लीतल्या कुनालाबी हाक मारा की," सिंधुबाई म्हणाली.

"नको."

"का?"

"नको."

सिद्धूने फोनवर सांगितलं, रविवारी येतो. त्यालाही नको म्हणालो. का म्हणालो, मला माहीत नाही.

पोस्टातून पोच आली. सही अजितचीच आहे. २४ तारीख. म्हणजे तीन दिवस त्याला माहीत आहे.

सिंधुबाई हल्ली दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून फोनवर बोलते. विचारलं तर म्हणते, भिगवणची बहीण. बहिणीशी तिचं कधी एवढं पटत नव्हतं.


२९ सप्टेंबर, सोमवार

सिंधुबाईने आज एक काम लावलं. दाराची पायरी उंच आहे, तिचे गुडघे दुखतात, तर खाली विटांची अर्धी पायरी करून द्या म्हणाली. वीस वर्षं हीच पायरी आहे. चार विटा, थोडं सिमेंट, तासाभराचं काम. झाल्यावर तिने त्यावर पाय ठेवून, एका हाताने चौकट धरून बघितलं.

"इथं धरायला काय तरी पायजे," म्हणाली. पाइपाचा एक तुकडा होता, तो चौकटीला लावून दिला.

मग मधल्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या. म्हटलं, दसऱ्याची सफाई आता? म्हणाली, व्हय.

अजितचा फोन नाही. मी वाट बघत नाही. फोन जवळ ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून चार्जिंगला लावतो, एवढंच.


१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सकाळी हत्यारं पुसून पाटावर मांडली. व्हर्निअर, पाने, हातोडी, वडिलांची कंपनीतली पितळी शिट्टी. तेल कशालाच घातलं नाही. रामहरी फोरमन असते तर रागावले असते. पाच लिटरचा तो डबा शेडच्या कोपऱ्यात आहे. पूजेला ठेवला नाही, टाकलाही नाही.

गाडीला हार घालायचा की नाही, हे ठरत नव्हतं. हार हातात घेऊन बॉनेटजवळ उभा होतो. सिंधुबाईने घरातून हाक मारली, "आवो, दाराशी कोन हाय बघा! माझे हात पुरनाचे हायती."

आता त्या दोघी मधल्या खोलीत बोलत आहेत, म्हणून हे लिहून घेतो. डोळ्यांत थेंब घातलेले नाहीत तरी ओल आहे.

दार उघडलं तर सोनल. एकटी. रिक्षा परत फिरत होती. डाव्या हातात काठी, उजव्या हाताने तिने माझा तो पाइप धरला होता आणि विटांच्या पायरीवर उभी होती. दोन वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं. बारीक झाली आहे.

"आबा, पायरी नवी केली का?"

"हो. सिंधुबाईच्या गुडघ्यांसाठी."

ती जराशी हसली. आत सिंधुबाईची भांडी एकदम थांबली होती.

"पत्र ह्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं," ती म्हणाली. "दोन येळा. तिसऱ्यांदा वाचाय लागले तवा म्या म्हनलं, बास, आता रडा तरी न्हायतर फोन तरी ठिवा."

"सोनल, ते तेल मी..."

"वाचलंय, आबा."

"अजित?"

"रजा मागितलीय म्हनाले. मिळाली तर उद्या येत्याल." तिने काठी चौकटीला टेकवली. माझ्या हातातल्या हाराकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे, जिथून शेडचा पत्रा दिसतो तिकडे.

"हवा काढायला दुसरा पाय लागतो, असं लिवलं हुतं तुमी. उजव्याला काय कळत न्हाय माझ्या. डावा चांगला हाय. चालंल का?"